वाड्यातील शेगडी आणि रानातील सरपण : यवतमाळ जिल्ह्यातील घरगुती उबेचा इतिहास

प्रस्तावना

यवतमाळ जिल्ह्याची ओळख सामान्यतः कापूस, सागाचे जंगल आणि कडक उन्हाळा या तीन गोष्टींनी करून दिली जाते. मे महिन्यात पारा ४३ ते ४५ अंशांपर्यंत चढणाऱ्या या प्रदेशात घर उबदार ठेवण्याचा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाला पडावा, हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. तथापि, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर वसलेल्या यवतमाळच्या पठारावर आणि भोवतालच्या डोंगराळ पट्ट्यात मार्गशीर्ष ते माघ या काळातील रात्री चांगल्याच गार असतात. उत्तरेकडून थंडीची लाट आली की किमान तापमान दहा अंशांच्या खाली उतरते. याच प्रदेशात उंच छताचे, चौकाचे आणि चहूकडून वारा खेळणारे मोठे वाडे उभे राहिले. हे वाडे हिवाळ्यात उबदार कसे ठेवले जात? त्यासाठी लागणारे लाकूड कोठून येई, त्यावर मालकी कोणाची असे आणि त्याची ऊब प्रत्यक्षात कोणाच्या वाट्याला येई? प्रस्तुत निबंधात या प्रश्नांचा ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे.

वनांच्या इतिहासात लाकडाचा विचार प्रामुख्याने इमारती लाकूड व महसूल या अंगांनी झाला आहे. ग्रामीण विकासाच्या चर्चेत तो स्वयंपाकाच्या अंगाने झाला. ऊब हा लाकडाचा तिसरा उपयोग मात्र या दोन्ही चर्चांतून निसटला. त्याची दखल घेतल्याशिवाय यवतमाळसारख्या जिल्ह्यातील लाकडाचा इतिहास पूर्ण होत नाही, हे या निबंधाचे मुख्य प्रतिपादन आहे. विवेचनाची पद्धती वर्णनात्मक व विश्लेषणात्मक असून कालमर्यादा स्थूलमानाने १८६५ पासून आजपर्यंतची आहे.

१. वाडा : उन्हाळ्यासाठी बांधलेले घर

वऱ्हाडातील वाड्याची रचना पाहिली म्हणजे बांधणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कोणता ऋतू होता, हे लगेच ध्यानात येते. ढेलज, मधला चौक, चौकाभोवतीची ओसरी, आत माजघर, त्याला लागून स्वयंपाकघर आणि मागील बाजूस न्हाणीघर व गोठा असा हा विस्तार असे. भिंती दगड, विटा किंवा मातीच्या व हातभर जाड. खांब आणि तुळया सागाच्या. वर कोठे मातीचे धाबे तर कोठे कवेलूंचे छप्पर. जाड भिंत दिवसाची उष्णता सावकाश शोषून घेते आणि ती आत पोहोचेपर्यंत संध्याकाळ झालेली असते. उंच छताखाली तापलेली हवा वर साचते व कवेलूंच्या फटींतून निघून जाते. चौक हा घराचा श्वासच होय.

उन्हाळ्यात जे गुण, तेच हिवाळ्यात दोष ठरतात. चौकातून गार हवा थेट ओसरीवर उतरते. चुलीने तापवलेली हवा वर जाऊन फटींतून बाहेर पडते. एकदा गार झालेली जाड भिंत थोड्याशा जाळाने तापत नाही. परंतु या फटींना केवळ दोष म्हणणे बरोबर होणार नाही. वाड्यातील चुलीला धुराडे नसे. धुराला वाट होती ती कवेलूंच्या सांध्यांतून आणि भिंतीतल्या झरोक्यांतून. फटी बुजवल्या असत्या तर घर थोडे उबदार झाले असते, पण त्यात राहणे अशक्य झाले असते. वारा आणि विस्तव यांची ही तडजोड वाड्याच्या रचनेतच अंतर्भूत होती.

पुढे मंगळुरी कवेलू आणि टिनपत्रे आली तेव्हा ही तडजोड बदलली. टिनाचे छप्पर दिवसा भट्टीसारखे तापते आणि रात्री आकाशाकडे उष्णता फेकून झपाट्याने गार होते. धाब्याखालच्या खोलीला मातीच्या थराचे जे संरक्षण होते, ते टिनाखालच्या खोलीला राहिले नाही.

२. घर नव्हे, माणूस उबदार ठेवण्याची परंपरा

घर उबदार ठेवण्याच्या जगात ढोबळमानाने दोन परंपरा दिसतात. रशिया, जर्मनी, स्कँडिनेव्हिया यांसारख्या प्रदीर्घ हिवाळ्याच्या प्रदेशांत बंद खोली व विटांची अवजड भट्टी यांचा विकास झाला. काही तास जाळ करून तापवलेली ही भट्टी दिवसभर खोलीला ऊब देते. इंग्लंडमधील भिंतीतली उघडी अग्निस्थाने त्यामानाने उधळी होती. त्यांतील उष्णतेचा मोठा भाग धुराड्यातून वाया जातो, हे ओळखून अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७४०च्या दशकात लोखंडी शेगडीची रचना केली, तर काउंट रमफर्ड यांनी १७९०च्या दशकात अग्निस्थान व धुराडे यांचे आकार सुधारून दाखवले.

दुसरी परंपरा घराऐवजी माणसाला ऊब देण्याची आहे. काश्मिरी फेरनखालची कांगडी, जपानमधील पांघरूण घातलेल्या मेजाखालचा निखारा ही तिची परिचित उदाहरणे. वऱ्हाडातील वाडा याच दुसऱ्या परंपरेत मोडतो. संपूर्ण वाडा तापवण्याचा प्रयत्न येथे कोणी केला नाही. तो शहाणपणाचाही ठरला नसता. चुलीतले निखारे मातीच्या किंवा लोखंडी शेगडीत काढून ती माणसाजवळ न्यायची, ही रीत होती. बाळंतिणीच्या खाटेखाली ठेवलेली शेगडी हे तिचे सर्वांत काळजीपूर्वक जपलेले रूप. म्हाताऱ्या माणसांचे अंथरूण स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून माजघरात घातले जाई, कारण दिवसभर चुलीमागे तापलेली ती एकच भिंत रात्री हाताला कोमट लागे. त्यावर गोधडी आणि पहाटे कढत पाण्याचे स्नान.

या स्नानासाठीचा तांब्याचा बंब हे वाड्यातील सर्वांत कार्यक्षम ज्वलनसाधन म्हटले पाहिजे. मधल्या नळीत जाळ आणि भोवती पाणी, अशा रचनेमुळे उष्णतेचा बराच भाग पाण्यात उतरतो. काड्याकुड्या, पऱ्हाटीचे तुकडे, भुईमुगाची टरफले, काहीही त्यात चालते. उबेच्या दृष्टीने चूल, शेगडी, बंब आणि अंगणातील शेकोटी ही चार साधने मिळून एकच व्यवस्था होती. एकाच विस्तवाचे चार ठिकाणी केलेले ते वाटप होते.

३. उबेची वाटणी

हे वाटप समान नव्हते. ओसरीवरच्या शेगडीभोवती घरातील कर्ते पुरुष व आलेगेले बसत. स्त्रियांच्या वाट्याला चूल येई, म्हणजे घरातील सर्वांत उबदार आणि सर्वांत धुरकट जागा. पहाटे सर्वांआधी उठून, गारठलेल्या हातांनी राखेखालचा निखारा उकरून विस्तव फुंकणे हे त्यांचे काम होते. घर जागे होईपर्यंत त्यांची थंडी सरलेली असली तरी डोळे चुरचुरत असत. सालदाराची शेकोटी गोठ्याजवळ किंवा आवाराबाहेर असे. ज्वारी-हरभऱ्याच्या दिवसांत रात्री शेतावर जागलीला गेलेल्या माणसाला तर उघड्या माळावर धुऱ्यावरच्या काटक्यांची शेकोटी हाच आधार. एका वाड्याच्या विस्तवाचा माग घेतला तर त्या घराची सामाजिक रचना डोळ्यांपुढे उभी राहते.

याच्या उलट बाजूला केळापूर, मारेगाव, झरी जामणी या भागांतील कोलामांच्या पोडांवरील घरे होती. बांबू व काटक्यांच्या कुडावर माती-शेणाचा गिलावा, ठेंगणे छप्पर आणि एक-दोन खोल्यांचा आटोपशीर पसारा. अशा घरात चुलीतील मूठभर निखारे रात्रभर पुरतात. ज्यांच्याकडे सागाच्या तुळयांचे वाडे होते त्यांची घरे हिवाळ्यात गार, आणि ज्यांच्याकडे कुडाच्या भिंती होत्या त्यांची घरे तुलनेने उबदार, असा हा विरोधाभास आहे. पण कुडाच्या घरातील ऊब रानातून आणलेल्या काटक्यांवर अवलंबून होती, आणि त्या रानावरचा हक्क एकोणिसाव्या शतकात हातातून निसटू लागला होता.

४. रान कोणाचे?

१८५३च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. आजच्या यवतमाळ जिल्ह्याचा बराचसा भाग तेव्हाच्या वणी जिल्ह्यात होता. १९०५च्या पुनर्रचनेत पुसद तालुका जोडून यवतमाळ जिल्हा अस्तित्वात आला. वऱ्हाडात रयतवारी पद्धत लागू झाली. शेजारच्या मध्य प्रांतात मालगुजाराच्या जंगलातून गावकऱ्यांना निस्तार, म्हणजे घरगुती गरजेपुरते सरपण, चारा व किरकोळ लाकूड घेण्याची वहिवाट होती. वऱ्हाडातील रयतवारी गावांत खातेदार आपल्या शेतापुरता धनी झाला. रानाचा धनी सरकार झाले.

याला या जिल्ह्यात एक महत्त्वाचा अपवाद होता. ओसाड गावे पुन्हा वसावीत या हेतूने १८६५च्या पडीत जमीनविषयक नियमांनुसार अनेक गावे इजाऱ्याने देण्यात आली. इजारदाराकडे शेतीबरोबर गावाच्या हद्दीतील रानही आले. इजारदाराच्या वाड्यातील शेगडी कधी विझली नाही, यामागे ही कायदेशीर व्यवस्था होती. रान आपले, ते तोडणारे हात आपल्याच गावचे आणि वाहणारे बैलही आपलेच, अशा स्थितीत मोठ्या वाड्यालाही लाकडाची चणचण भासण्याचे कारण नव्हते.

इतरांसाठी परिस्थिती वेगळी होती. १८८६च्या वऱ्हाड जंगल कायद्याखाली सरकारी वनांची 'अ', 'ब' आणि 'क' अशी वर्गवारी झाली : पहिला वर्ग इमारती लाकूड व इंधन यांसाठी, दुसरा गवताच्या रमण्यांसाठी आणि तिसरा चराईसाठी. ही वर्गवारी वनाच्या उत्पन्नाची होती, गावाच्या गरजेची नव्हती. सरपण आणणारी बाई एकाच फेरीत वाळक्या काटक्या, गवताचा भारा, मोहाची फुले आणि तेंदूची पाने आणत असे. तिच्या फेरीला वर्ग नव्हता. कायद्याने त्या एका फेरीचे अनेक व्यवहार केले आणि त्यांवर परवाने व दंड आले.

५. पांढरे सोने आणि पऱ्हाटीचा विस्तव

याच काळात दुसरी प्रक्रिया सुरू होती. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवी युद्धाच्या वर्षांत कापसाचे भाव चढले आणि वऱ्हाडातील कपाशीचे क्षेत्र वाढत गेले. नांगराखाली आलेल्या प्रत्येक पडीत तुकड्याबरोबर सरपणाची एक जागा कमी झाली. त्याच वेळी कपाशीने जळणाचा एक नवा साठाही निर्माण केला, तो म्हणजे पऱ्हाटी. कापसाची वेचणी संपल्यावर उपटलेल्या पऱ्हाट्या, त्यांच्या जोडीला तुराट्या आणि गोवऱ्या यांवर वऱ्हाडातील खेड्यांच्या चुली पेटू लागल्या.

पऱ्हाटी लाकडाची बरोबरी करत नाही. ती भडकन पेटते, जोराचा जाळ देते आणि लवकर विझते. भाकरी भाजायला ती चांगली, पण शेगडीत तिचा निखारा टिकत नाही. धावडा किंवा बाभूळ यांचा निखारा मात्र बराच वेळ धगधगतो. म्हणून रान दूर गेले तेव्हा स्वयंपाक थांबला नाही. कमी झाली ती रात्रीची ऊब. शिवाय पऱ्हाटीचा हंगाम आणि थंडीचा हंगाम जुळत नाहीत. पौषात थंडी ऐन भरात असते तेव्हा त्या वर्षीची पऱ्हाटी वावरात उभीच असते. थंडीत जळते ती गेल्या वर्षी रचून, पावसापासून जपलेली गंजी. ज्याच्याकडे वावर आणि साठवणुकीची जागा त्याच्याकडे गंजी. भूमिहीन मजुराला ती मागून, मजुरीच्या मोबदल्यात किंवा विकतच घ्यावी लागे.

या गंजीचा प्रश्न आजही संपलेला नाही. २०१७च्या हंगामात विदर्भात गुलाबी बोंडअळीचा मोठा उद्रेक झाला. वाळलेल्या पऱ्हाट्यांवरील बोंडांत ही अळी सुप्तावस्थेत राहते, म्हणून पऱ्हाट्यांची गंजी लावू नये, त्या वेळीच नष्ट कराव्यात, असा कृषितज्ज्ञांचा सल्ला आहे. शास्त्रीयदृष्ट्या तो योग्यच आहे. पण एका शास्त्राच्या दृष्टीने जो किडीचा आसरा, तोच दुसऱ्या घरातील पुढच्या हिवाळ्याचा विस्तव असतो, हे त्यात गृहीत धरलेले नसते.

६. जंगल सत्याग्रह

समुद्रापासून दूर असलेल्या वऱ्हाड-मध्य प्रांतात १९३०च्या सविनय कायदेभंगाला मिठाइतकेच रोजच्या जीवनाला भिडणारे दुसरे साधन हवे होते, आणि ते जंगल कायद्यात सापडले. वणी येथे जन्मलेले व यवतमाळ ही कर्मभूमी असलेले लोकनायक बापूजी अणे यांनी १० जुलै १९३० रोजी पुसद येथे राखीव जंगलातील गवत कापून कायदा मोडला. त्याच महिन्यात यवतमाळजवळील लोहारा येथेही सत्याग्रह झाला.

सत्याग्रहाचे प्रतीक गवत होते, लाकूड नव्हे. जुलै महिना, शेतीची कामे आणि जनावरांच्या चाऱ्याची निकड लक्षात घेता ते स्वाभाविक होते. शिवाय गवत कापणे हे वृक्षतोडीपेक्षा निरुपद्रवी आणि म्हणूनच नैतिकदृष्ट्या निष्कलंक कृत्य होते. तरीही रानातून घरगुती गरजेपुरते घेण्याचा हक्क हा मूळ मुद्दा गवत आणि सरपण या दोहोंना सारखाच लागू होता. हे आंदोलन गावागावांत समजले, त्याचे कारण दंड भरलेल्या मोळीचा अनुभव घरोघरी होता, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

७. स्वातंत्र्योत्तर काळ : वाड्यातील विस्तव विझतो

मध्य प्रदेश मालकी हक्क निर्मूलन कायदा, १९५० हा १९५१ मध्ये अंमलात आला आणि वऱ्हाडातील इजारदारी संपुष्टात आली. इजाऱ्याच्या गावातील रान शासनाकडे गेले. पुढे १९६१चा शेतजमीन कमाल धारणा कायदा व १९६४चा वृक्षतोड नियमन कायदा आला. सामाजिक न्यायाच्या दृष्टीने जमीनविषयक सुधारणा आवश्यक होत्या, याबद्दल दुमत नाही. मात्र त्यांचा एक अलक्षित परिणाम असा की, फुकटचे रान आणि स्वस्त श्रम या दोन आधारांवर उभी असलेली वाड्याची उबेची व्यवस्था कोसळली. वाटण्या झाल्या, भावंडे नोकरीनिमित्त शहरांत गेली आणि दहा-बारा खोल्यांच्या वाड्यात एकच चूल उरली. एका चुलीने माजघराची भिंतही तापेना.

जिल्ह्याच्या पूर्वेस वणी परिसरात दगडी कोळशाच्या खाणी आहेत, ही यातील आणखी एक विसंगती. भूगर्भातील हा कोळसा वीजकेंद्रांकडे व कारखान्यांकडे गेला. जिल्ह्यातील सामान्य घराचा हिवाळा मात्र पऱ्हाटी, गोवऱ्या आणि डोक्यावरून आलेल्या मोळीवरच निभावत राहिला.

८. सुधारित चुलीपासून गॅसपर्यंत

चुलीच्या सुधारणेचा विचार यवतमाळच्या शेजारीच, वर्ध्याला, लवकर सुरू झाला. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे मुख्यालय मगनवाडीत होते आणि जे. सी. कुमारप्पा त्याचे काम पाहत. मगनवाडीच्या परंपरेतून 'मगन चूल' पुढे आली : बंदिस्त मातीची, एका जाळावर अनेक भांडी तापवणारी आणि धूर नळाने घराबाहेर सोडणारी. १९८०च्या दशकात केंद्र शासनाने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. १ मे २०१६ रोजी प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेला प्रारंभ झाला आणि गरीब कुटुंबांतील स्त्रियांच्या नावे गॅसजोडण्या देण्यात येऊ लागल्या. धुरापासून झालेली ही सुटका मोलाची आहे. तिचे महत्त्व कमी लेखण्याचा येथे हेतू नाही.

परंतु या सर्व प्रयत्नांत चूल म्हणजे स्वयंपाकाचे साधन, एवढीच व्याख्या गृहीत होती. बंदिस्त चुलीत जाळ दिसत नाही आणि धुराबरोबर काही उष्णताही नळातून बाहेर जाते. गॅसवर स्वयंपाक होतो. त्याच्याभोवती कोणी बसत नाही. त्यातून निखारा मिळत नाही, राख मिळत नाही आणि बियाण्याच्या कणसांना धुरीही मिळत नाही. गॅस आल्यानंतरही अंगणात पाणी तापवण्याची चूल आणि हिवाळ्यातील शेकोटी टिकून राहते, याचे स्पष्टीकरण केवळ सिलिंडरच्या किमतीत शोधणे अपुरे आहे. चुलीची जी कामे गॅस करीत नाही, ती कामे अजून शिल्लक आहेत.

यात एक धोकाही आहे, त्याची नोंद केली पाहिजे. निखाऱ्यांची शेगडी कवेलूंच्या फटींमुळे वाड्यात सुरक्षित होती. तीच शेगडी सिमेंटच्या, दारे-खिडक्या घट्ट लावलेल्या खोलीत रात्रभर ठेवली तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. या वायूला रंग नाही, वास नाही आणि झोपलेल्या माणसाला तो उठू देत नाही. घर बदलले आणि सवय तीच राहिली, तर परंपरेतील शहाणपण प्राणघातक ठरते. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवण्याची रीत जेथे चालू आहे, तेथे ही गोष्ट सांगितली जाणे अत्यावश्यक आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) वऱ्हाडातील वाडा उन्हाळ्यासाठी बांधलेला होता. त्यातील वारा हा बांधकामातील दोष नसून धुराड्याविना जळणाऱ्या चुलीची ती गरज होती. म्हणूनच येथे घर तापवण्याऐवजी माणसाला ऊब देण्याची पद्धत रूढ झाली.

२) ही ऊब सामाजिक उतरंडीनुसार वाटली जात होती. ओसरी, चूल, गोठा आणि जागलीचे शेत ही त्या वाटणीची ठिकाणे होत.

३) १८६५चे पडीत जमीनविषयक नियम, १८८६चा जंगल कायदा आणि १९५१ची इजारदारीची समाप्ती या टप्प्यांनी सरपणावरील हक्क बदलला. प्रत्येक टप्प्याचा परिणाम चुलीपर्यंत पोहोचला.

४) कपाशीच्या विस्ताराने रान मागे हटवले आणि पऱ्हाटीच्या रूपाने पर्यायी जळण दिले. या पर्यायाने स्वयंपाकाची गरज बऱ्याच अंशी भागवली, उबेची भागवली नाही.

५) वनविषयक वर्गवारी आणि चूलसुधारणेचे कार्यक्रम या दोहोंतही ऊब ही स्वतंत्र गरज म्हणून विचारात घेतली गेली नाही.

अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वन हक्कांची मान्यता) अधिनियम, २००६ या कायद्याने निस्ताराच्या हक्काला पुन्हा मान्यता दिली आहे. पोडावरून रानात जाणाऱ्या कोलाम स्त्रीच्या मोळीला त्यामुळे कायद्याच्या पुस्तकात जागा मिळाली. त्या मोळीतील किती काटक्या अन्नासाठी आणि किती उबेसाठी, याचा हिशेब अद्याप कोणी मांडलेला दिसत नाही. जिल्ह्यातील महाविद्यालयांचे इतिहास, भूगोल, गृहअर्थशास्त्र आणि रसायनशास्त्र हे विभाग एकत्र आले तर एका हिवाळ्यात, निवडक गावांतून, हे काम होऊ शकते. पडके वाडे आणि ते वाडे गजबजलेले पाहिलेली माणसे, दोन्ही झपाट्याने कमी होत आहेत. त्यामुळे हे काम लवकर हाती घेणे इष्ट ठरेल.